मंगळवेढ्याच्या वाटेवरची उष्टी हळद

शुक्रवार पेठेतून निघालो तेव्हा नवरदेवाच्या अंगावरची हळद अजून ओली होती. पुतण्याचे लग्न, मुलगी मंगळवेढ्याची. त्याला लावून उरलेली हळद त्याच दिवशी मुलीला लागायची. ती नेण्याचे काम थोरल्या वन्संकडे आणि माझ्याकडे आले. वऱ्हाड बैलगाड्यांनी दुसऱ्या दिवशी पोहोचणार होते. बैलगाडीने आम्हीही दुसऱ्याच दिवशी पोहोचलो असतो, म्हणून मल्लप्पाची लॉरी ठरवली.

लॉरी महायुद्धात वापरून मोडीत काढलेली. "लई देश बघितलेत हिनं, अक्का," मल्लप्पा म्हणाला. या वाटेने जाणाऱ्या बायकांनी फळीऐवजी लॉरीत भरलेल्या सुताच्या गठ्ठ्यांवर जागा धरावी, भाडे आधी ठरवावे, भाकरी नि शेंगांची चटणी बरोबर घ्यावी. भीमेच्या वाळूत उतरून चालावे लागते.

नदी मागे पडली आणि लॉरीच्या तोंडातून वाफ येऊ लागली. इंजिन थंड ठेवणाऱ्या टाकीतले पाणी गळत होते. जवळ पाण्याचा एकच डबा उरला होता.

"हे बी गळलं, की हितंच मुक्काम," मल्लप्पा म्हणाला.

लॉरी निवेपर्यंत आम्ही बाभळीखाली भाकरी खाल्ली. मग त्याने टाकी बाहेरून पुसून कोरडी केली, रस्त्यावरचा फुफाटा मुठीत घेऊन तिच्यावर फुंकला, डब्यातले थोडे पाणी आत घातले आणि इंजिन सुरू केले. थेंब खालच्या नळीपाशी पडत होते. तो मात्र वर बघत होता. वरच्या सांध्यापाशी फुफाट्यात एक काळा ठिपका उमटला, वाढला आणि ओघळून खाली आला.

"पडतंय तितं, गळतंय हितं," तो खुशीत म्हणाला. "आता चिमूटभर हळद असती तर गरम पाण्यातनं फटीत जाऊन बसली असती." बोलता बोलता त्याची नजर वन्संच्या मांडीवरच्या हळदीच्या वाटीकडे गेली.

"लग्नाची हळद गाडीला?" वन्सं म्हणाल्या. "मग मुंडावळ्याही बांध की तिला."

"बांदतो की, पोचली तर."

ऊन कलले होते. वन्संनी वाटी दोन्ही हातांत धरली.

"माझी हळद दिवे लागल्यावर आली होती, वहिनी. वाटेत बैल बसला. सासूबाईंनी तो बैल जन्मभर माझ्या पायगुणाला बांधला."

त्यांनी विड्याच्या पानावर दोन बोटे हळद काढली, पान मिटून कनवटीला खोचले आणि वाटी मल्लप्पापुढे धरली.

त्याने हळद पाण्यात कालवून टाकीत ओतली. सांध्यातून पिवळी धार आली, बारीक झाली, थांबली. त्याने पुन्हा फुफाटा फुंकला. आम्ही तिघेही वाकून बघत राहिलो. फुफाटा कोरडाच राहिला.

तरी मंगळवेढ्यात पोहोचेपर्यंत दिवे लागलेच. मुलगी मांडवात पाटावर बसून होती, तिच्या आईचा चेहरा उतरलेला. कुणी काही बोलायच्या आत वन्सं म्हणाल्या, "लॉरी गळत होती. मुलीचा काही संबंध नाही." आणि त्यांनी पान उघडले.

लग्न लावून त्याच लॉरीने घरी आलो. नवरदेवाची आई, माझ्या जाऊबाई, दारात माप ठेवून उभ्या होत्या. "हळद उशिरा लागली म्हणे?"

"वेळेवर लागली," वन्सं म्हणाल्या. "मी होते ना."

नव्या सुनेने माझ्याकडे पाहिले. मी पदर सारखा केला. जाऊबाईंचे लक्ष लॉरीच्या तोंडावर वाळलेल्या पिवळ्या ओघळाकडे गेले.

"हिला कुणी लावली?"

"नवरदेवाच्या आत्यानं," मल्लप्पा म्हणाला.

जाऊबाईंनी माप सुनेच्या पायापुढे सरकवले. मग सुनेला म्हणाल्या, "ये बाई, आत ये."

त्या रस्त्याची वळणे आता मला आठवत नाहीत. तो कोरडा राहिलेला फुफाटा आठवतो.