न अडकणारी गोळी

परवा शनिवारी सकाळी हेमंतला घेऊन शूटिंग रेंजवर गेले होते. शारजाहून निघताना चक्क ट्रॅफिक नव्हतं, हेमंत मूडमध्ये होता… आणि आमची लेक रेवा मागच्या सीटवर कानात इअरफोन घालून. बऱ्याच दिवसांनी आम्ही तिघं एकत्र बाहेर पडलो होतो.

माहीत नसलेल्यांसाठी सांगते. हेमंत माझा नवरा. मूळचा कोल्हापूरचा, कॉलेजात एनसीसीत रायफल हातात आली आणि ते वेड कायमचं लागलं. इथे आल्यावर तो शहराबाहेरच्या एका क्लबचा मेंबर झाला. सुट्टी म्हणजे रेंज, हे आमच्या घरात ठरूनच गेलं. मी आपली कॅफेत करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा पीत बसायचे.

मागच्या वर्षी त्याच्या उजव्या हातातली ताकद जायला लागली. आधी शर्टाची बटणं, मग गाडीची किल्ली… डॉक्टरांनी नसांच्या आजाराचं एक लांबलचक नाव सांगितलं, आणि हेही सांगितलं की हा वाढत जाणार. घरी येताना हेमंत एवढंच म्हणाला, "आता बोल्ट ओढणं काही जमायचं नाही."

तो वापरायचा त्या रायफलला प्रत्येक गोळीनंतर पुढची आत घ्यायला हाताने बोल्ट, म्हणजे खटका, मागे ओढावा लागतो. म्हणून मारिसेलने, म्हणजे तिथल्या फिलिपिनो इन्स्ट्रक्टरने, त्याला क्लबची पॉइंट टू टू बोअरची सेमी-ऑटोमॅटिक रायफल दिली. टेबलावर स्टँडला टेकवलेली. एक गोळी सुटली की पुढची आपोआप आत येते, आपण फक्त नेम धरायचा आणि ट्रिगर दाबायचा.

पण ती बया भारी नखरेल निघाली. क्लबमधल्या साध्या गोळ्या तिला चालेनात. त्यांचा जोर कमी, त्यामुळे बोल्ट पुरता मागेच जायचा नाही आणि उडालेल्या गोळीची रिकामी पुंगळी तोंडाशी अडकून बसायची. दुसऱ्या कंपनीच्या घेतल्या तर त्यातली एखादी उडायचीच नाही… नुसता 'टक्' आवाज. मग रायफल तशीच समोर धरून थांबायचं, हात वर करायचा आणि कुणीतरी येऊन ती मोकळी करून द्यायची.

तो हात वर करणंच हेमंतला सहन व्हायचं नाही. "शाळेत शू लागल्यावर करंगळी दाखवतात ना, तसं वाटतं गं मला," असं एकदा म्हणाला. हसत म्हणाला… पण पुढचे दोन शनिवार रेंजचं नाव काढलं नाही.

मग मीच हट्टाला पेटले. हिच्यात न अडकणारी गोळी शोधायचीच! इथे दुकानात जाऊन द्या हो एक बॉक्स असं होत नाही, सगळं क्लबमार्फतच. त्यामुळे मी मारिसेलच्या मागे लागले. नेटवर वाचायचे आणि तिला मेसेज टाकायचे. तीही माझ्यासारखीच हट्टी निघाली. वेगवेगळ्या बॉक्समधल्या थोड्या थोड्या गोळ्या स्वतः मारून बघायची.

शेवटी एक सापडली. तांब्याचा मुलामा दिलेली, जास्त वेगाची. गोळ्यांचं अख्खं मॅगझिन संपलं आणि एकदाही अडकली नाही. पण क्लबमध्ये तेवढ्याच उरल्या होत्या. नवीन यायच्या तर परवानग्या, शिपमेंट… "नेक्स्ट वीक मॅम, इन्शाल्ला!" असे बरेच नेक्स्ट वीक गेले.

शुक्रवारी तिचा मेसेज आला, आल्या! खरं सांगू? डॉक्टरांनी चांगला रिपोर्ट हातात ठेवावा तसा आनंद झाला मला.

शनिवारी मारिसेलने मॅगझिन भरून दिलं. पहिली गोळी सुटली, पुंगळी टणकन बाहेर. दुसरीही तशीच. मारिसेलने मला अंगठा दाखवला.

आणि मग सगळं थांबलं.

मारिसेल धावलीच. "डोन्ट मूव्ह, सर." तिने मॅगझिन काढलं, बोल्ट मागे ओढला. आतून अखंड गोळी बाहेर आली. तिने ती उलटसुलट करून पाहिली. ट्रिगर दाबला की गोळीच्या कडेवर आतल्या पिनचा ठोका उमटतो, इथे साधा ओरखडासुद्धा नव्हता.

"रायफल ठीक आहे," हेमंत मराठीतच म्हणाला, माझ्याकडे बघून. "बोट दाबलं जात नाहीये."

मारिसेलला भाषा कळली नाही, पण कळलं. काचेपलीकडून रेवा खुणेने विचारत होती, जॅम्ड अगेन? मी हो म्हणून मान हलवली.

थोड्या वेळाने हेमंतने खुर्ची मागे सरकवली. "तू बस."

मी उभ्या आयुष्यात रायफलला हात लावला नव्हता. "मला काय येतंय त्यातलं?"

"भरलेलं मॅगझिन अर्धवट सोडायचं नाही. बस."

मारिसेलने मॅगझिन परत लावलं, मला नीट बसवलं, नेम कसा धरायचा ते दाखवलं. गोळ्या झाडताना कानांवर आवाज अडवणारे मफ असल्याने हेमंतचं काही ऐकू येणार नव्हतं. त्याने डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला. त्याने खांदा दाबला की मी ट्रिगर दाबायचा… एकामागून एक सगळ्या गोळ्या गेल्या. एकही अडकली नाही. कुठे लागल्या विचारू नका, मला टार्गेट धड दिसतच नव्हतं.

पार्किंगमध्ये हेमंत म्हणाला, "गोळ्या मात्र फर्स्टक्लास शोधल्यात तुम्ही दोघींनी." मी गाडी सुरू केली.

घरी आल्यावर रेवाला खरं काय ते सांगायला बसले. तिने मला पूर्ण बोलूच दिलं नाही. "आय नो, मम्मा. आय सॉ," म्हणाली, आणि बाबांचे बूट सोडायला गेली.

मारिसेलने उरलेला बॉक्स आमच्यासाठी बाजूला ठेवलाय. तिचे आभार कोणत्या भाषेत मानू कळत नाही. हेमंत म्हणतोय, पुढच्या शनिवारीही जाऊ… नेम तू धर, खांदा मी दाबतो. त्याचा डावा हात अजून चांगला आहे.