समझोत्याचा कागद

आमच्या कोथरूडच्या समुपदेशन केंद्रात एक शिरस्ता होता. नवराबायकोला आधी वेगवेगळं बसवायचं, मग एकत्र, आणि शेवटी समझोता लिहून दोघांच्या सह्या घ्यायच्या. माझं अक्षर चांगलं, म्हणून कागद मीच लिहायचे. त्याचा मला जरा तोराही होता.

ती वारज्याहून यायची. माहेरच्यांनी अर्ज केला म्हणून नवराच तिला घेऊन यायचा आणि बाहेरच्या बाकावर बसून राहायचा. पहिल्या दोन भेटींत तिने नुसती मान हलवली. तिसऱ्या भेटीत बोलली. कामावर जाताना तो तिला आतल्या खोलीत कोंडतो, बाहेरून कडी लावतो, तिचा मोबाईल बरोबर नेतो. हे तिने आईलाही सांगितलं नव्हतं.

"मॅडम, ह्यांना कळणार नाही ना?"

"अजिबात नाही," मी म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मी समझोता लिहिला. पत्नीला खोलीत बंद करणार नाही. मोबाईल काढून घेणार नाही. तिने विश्वासाने सांगितलेलं सगळं मी कलमं पाडून त्याच्यापुढे ठेवलं, आणि लिहिताना हे माझ्या डोक्यातही आलं नाही. त्याने कागद दोनदा वाचला.

"बरं झालं मॅडम. ही काय काय सांगते ते कळलं तरी," म्हणाला आणि शांतपणे सही केली.

तिने सही करताना पेन इतकं दाबलं की कागद फाटला. मी ते पाहिलं. तरी फाईलवर मी 'समझोता झाला' असा शेरा मारला.

महिन्याने त्यांच्या घरी गेले. आधी कळवून, कारण तोही शिरस्ताच. त्याने अगत्याने आत घेतलं. "बघा, कडी काढून टाकली." दारावर स्क्रूची चार भोकं होती. समझोत्याची प्रत प्लास्टिकमध्ये घालून फ्रिजवर चिकटवलेली होती.

"रोज सकाळी तिला मोठ्याने वाचायला लावतो," तो हसत म्हणाला. "आपण काय काय सांगून आलो, ते विसरायला नको."

मी स्वयंपाकघरात गेले. ती चहा करत होती. "अगं, मोकळेपणी सांग, त्रास आहे का काही?" मी हळू आवाजात विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. "तुम्हाला सांगितलं की तुम्ही लिहिता," म्हणाली आणि चहात साखर घातली.

मी तो चहा प्यायले. त्याची आजही लाज वाटते.

पुढच्या खेपेला न कळवता गेले, तर दाराला कुलूप. शेजारच्या काकू म्हणाल्या, "गेले की सोडून. कुठे, ते नाही सांगितलं. आणि ती तर किती दिवसांत दिसलीच नव्हती हो."

माहेरीही काही ठाऊक नव्हतं. मी फाईल घेऊन पोलीस चौकीत गेले. तिथल्या हवालदारांनी समझोता सावकाश वाचला.

"नवऱ्याने सगळं कबूल केलंय, बाईंची पण सही आहे. समझोता झाला असा शेरा पण आहे," ते म्हणाले. "मग आता तक्रार कसली, मॅडम?"

शेरा माझाच होता. अक्षरही माझंच, अगदी सुवाच्य.