लिमये सोडून सगळे म्यूट

प्लास्टिकच्या पिशव्या कोणी मुद्दाम जमवत नाही. तरी एक दिवस ओट्याखालचं कपाट उघडलं की त्या अंगावर येतात. आमच्या ऑनलाइन वर्गांच्या किश्श्यांचं तसंच झालंय. परवा भाचीच्या साखरपुड्यात कोणीतरी विचारलं, "रिटायर झाल्यावर करतेस काय गं?" मी एकच किस्सा सांगायला गेले आणि पंगत उठली तरी बोलतच होते. म्हटलं, आता लिहूनच काढू.

मी बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात होते. कोथरूडमधल्या आमच्या वाचनालयाने मोठ्या माणसांसाठी फुकट वर्ग काढले. नळाची गळती, मृत्युपत्र, मोबाईलवरची फसवणूक, एकट्यापुरता स्वयंपाक. म्हणजे शाळेत कोणी शिकवलं नाही आणि आता विचारायची लाज वाटते, ते सगळं. वाचनालयाचा हॉल गळायला लागला म्हणून वर्ग ऑनलाइन गेले. हॉल दुरुस्त झाला, पण लोक परत यायला तयार नाहीत. घरच्या खुर्चीला पाठ चांगली असते म्हणे! "कांबळे मॅडमना फोनमधलं कळतं," असं कमिटीने परस्पर ठरवलं आणि मला होस्ट केलं. बत्तीस वर्षं लोकांना जोडून दिलं, आता दर मंगळवारी अकरा वाजता त्यांना म्यूट करते.

* * *

पहिल्या वर्गाचा विषय होता, 'ऑनलाइन वर्गाला कसं यायचं'. तो आम्ही ऑनलाइन ठेवला!

कमिटीत नऊ माणसं आहेत, सगळी शिकलेली. एकालाही हे खटकलं नाही. मलासुद्धा नाही! वर्गाला सात जण आले आणि त्या सातही जणांना सगळं येत होतं. बाकीचे मला फोन करून विचारत होते, "मॅडम, आत कसं यायचं?" मी म्हणत होते, "तेच तर शिकवतोय, आत या!"

तेवढ्यात दाराची बेल वाजली. बघते तर मागच्या गल्लीतले लिमये काका. वय चौऱ्याहत्तर, इस्त्रीचा शर्ट, हातात दोनशे पानी वही. काका पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते, जन्मभर धरणांचे नकाशे काढले.

"वर्ग इथेच ना?"

"काका, वर्ग ऑनलाइन आहे."

"हो. पण आपण तर घरीच आहात!"

मी शेजारी खुर्ची ओढून दिली. तासभर बसून त्यांनी वहीची अकरा पानं भरली. निघताना म्हणाले, "मला खरं म्हणजे फक्त स्वयंपाकाचा वर्ग हवा आहे. बाकीचे मी शिस्त म्हणून करीन."

* * *

संध्याकाळी लिमये काकूंचा फोन आला, तेव्हा स्वयंपाकाचं कारण कळलं.

काकूंचे दोन्ही गुडघे गेलेत. डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वीच ऑपरेशन सांगितलं. एक्स-रे झाले, तपासण्या झाल्या, फाईल तयार आहे. फक्त काकू तयार नाहीत.

"अगं, मी सहा आठवडे पलंगावर पडले तर हे खाणार काय? ह्यांना पाणी उकळलं की नाही ते कळत नाही."

"डबा लावा की, काकू."

"लावून बघितला ना! तिसऱ्या दिवशी ह्यांनी रिकाम्या डब्यात सूचना लिहून पाठवल्या, आकृतीसकट. चौथ्या दिवशी डबा आला नाही."

"मग स्वयंपाकाला बाई?"

"दोन झाल्या. दोघींना ह्यांनी विळी कुठल्या कोनात धरावी ते सांगितलं."

मग काकूंनी त्यांची अट सांगितली. काकांनी एकट्याने, कोणाला न विचारता, गिळता येईल अशी आमटी करून दाखवायची. ती झाली की काकू ऑपरेशनला तयार. "आणि नाहीच जमली, तर मी आहे तशी बरी आहे," असं म्हणून त्या हसल्या.

मला काही हसू आलं नाही. काकू माझ्याबरोबर रोज टेकडीवर यायच्या, माझ्यापुढे चालायच्या. गेल्या वर्षभरात त्या गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा आल्या नव्हत्या.

* * *

फसवणुकीच्या वर्गाला एका बँकेतला तरुण अधिकारी बोलावला होता. फार छान शिकवलं त्याने. "अनोळखी लिंक उघडू नका. ओळखीच्या नावाने आली तरी उघडू नका. समोरचा घाई करायला लागला, की हमखास चोर समजा." सगळ्यांनी लिहून घेतलं.

पुढच्या मंगळवारी मी नेहमीसारखी लिंक पाठवली. अकरा वाजले, कोणी नाही. सव्वाअकराला मी ग्रुपवर लिहिलं, "लवकर या!"

त्यावर चौघांनी मला ब्लॉक केलं.

उत्तर आलं ते फक्त लिमये काकांचं. "आपण खऱ्या कांबळे मॅडम असाल, तर पहिल्या वर्गाला मी कुठल्या खुर्चीवर बसलो होतो?"

"निळ्या," मी लिहिलं.

"बरोबर. तरी खात्री करायला येतो."

आले! खुर्ची बघितली, मला नीट बघितलं, घरी गेले आणि तिथून लिंक उघडली.

* * *

नळाच्या वर्गाला धायरीचे मोरे प्लंबर आले होते. माणूस कामाचा, बोलणं मोजकं. वॉशर कसा बदलायचा ते शिकवताना पहिलंच वाक्य म्हणाले, "आधी मेन कॉक बंद करा."

हे ऐकून एक गृहस्थ उठले, सरळ त्यांच्या सोसायटीच्या गच्चीवर गेले आणि टाकीचा मेन कॉक बंद करून आले. चाळीस फ्लॅटचं पाणी बंद!

वर्गात त्याच सोसायटीतले आणखी पाच जण होते. पाचही जणांनी वॉशर बदलला, नळ बघितला, तर खाली एक थेंब नाही. "थांबली! गळती थांबली!" मोरे खूश, पाचही जण खूश. मी टाळ्यांची खूण पाठवली.

मग त्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. "कांबळे मॅडम, मी डोक्याला साबण लावून उभा आहे. एकच विनंती आहे. पुढचा वर्ग लिफ्टचा ठेवू नका."

* * *

सगळ्यात जास्त हजेरी मृत्युपत्राच्या वर्गाला. आणि सगळ्यांचे कॅमेरे बंद! एरवी ज्यांना स्वतःचं कपाळ आणि पंखा दाखवल्याशिवाय बोलता येत नाही, तेसुद्धा त्या दिवशी काळ्या चौकोनात. प्रत्येक प्रश्नाची सुरुवात एकच, "माझ्या एका मित्राचं असं आहे..."

कॅमेरा चालू होता तो फक्त कानडे आजींचा. वय अठ्ठ्याऐंशी, आवाज खणखणीत. त्यांनी वकीलबाईंना विचारलं, "साक्षीदार कोण चालतात?"

"ज्यांना मृत्युपत्रातून काहीच मिळणार नाही, असे दोघं घ्या."

आजींनी जरा विचार केला.

"मग आमच्या घरातलं कोणीही चालेल!"

कानडे नावाचे आणखी दोन काळे चौकोन वर्गात होते. ते लगेच दिसेनासे झाले.

* * *

आता स्वयंपाकाचा वर्ग. तो शिकवतात सुनंदाताई. लोणी काळभोरला कॉलेजच्या मुलांची खानावळ चालवतात, दोन वेळा शंभर पानं उठवतात. त्यांना प्रमाण विचारलेलं अजिबात खपत नाही, आणि समोर विद्यार्थी कोण, तर लिमये काका!

"आता चिमूटभर हळद टाका," सुनंदाताई म्हणाल्या.

"चिमूट म्हणजे किती ग्रॅम?"

"आवं काका, चिमूट म्हंजे चिमूट. बोटं हायती न्हवं?"

"आहेत. पण कोणाची धरायची? आपली की माझी?"

सुनंदाताईंनी माइक बंद केला. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, काय म्हणाल्या ते कळलं नाही.

पोळीचा गृहपाठ दिला, तर काकांनी पोळीचा फोटो पाठवला. शेजारी फूटपट्टी ठेवलेली, खाली लिहिलेलं, 'व्यास १८ सें.मी.' पोळी इतकी गोल, की मला संशय आला. नंतर काकूंनी बिंग फोडलंच, डब्याचं झाकण ठेवून सुरीने कापली होती.

सुनंदाताईंनी फोटो बघून निरोप पाठवला, "नकाशा झ्याक हाय काका. आता धरण बांधाय घ्या."

याच वर्गात काकांचा फोन सारखा पडायचा. शेवटी ते फ्रिजवरची एक जाड पुठ्ठ्याची फाईल घेऊन आले. आम्हाला दाखवली. निळी, वर काकूंचं नाव, आतून एक्स-रे डोकावतोय. ती अर्धी उघडून त्यांनी ओट्यावर तंबूसारखी उभी केली आणि फोन तिला टेकवला. "तीन वर्षं नुसती पडून होती," काका म्हणाले, "आज उपयोगाला आली."

* * *

आमटीचा दिवस आला. सुनंदाताईंनी सगळ्यांना डाळीचा कुकर लावायला सांगितला. "तीन शिट्ट्या झाल्या की ग्यास बंद करायचा. बास, बाकी काय बी न्हाई."

बारा घरांत बारा कुकर, आणि सगळ्यांचे माइक चालू. काकांनी वही उघडून मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. गॅस बंद!

जरा वेळाने झाकण काढलं, तर डाळ दाणा दाणा मोजता येईल इतकी सुटी.

"तीन झाल्या होत्या," काका ठामपणे म्हणाले. "वेळा लिहून ठेवल्यात मी. अकरा चौदा, अकरा पंधरा, अकरा पंधरा."

"एका मिन्टात दोन? काका, ह्यो कुकर हाय का इंजान?"

मग चौकशी झाली. पहिली शिट्टी कानडे आजींच्या घरची होती. दुसरी सुनंदाताईंची स्वतःची, लोणी काळभोरहून. तिसरी धायरीहून आलेली, कारण मोरे प्लंबर आता स्वयंपाक शिकायला बसत होते. काकांचा स्वतःचा कुकर अजून गरमही झाला नव्हता!

आम्ही इतके हसलो, की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तेवढ्यात काकांच्या मागे काकू खुर्चीवरून उठताना दिसल्या. आधी टेबलाला धरून, मग फ्रिजला, मग भिंतीला. खुर्चीपासून ओट्यापर्यंत चार पावलं असतील. ती टाकायला त्यांना किती वेळ लागला, ते आम्ही सगळ्यांनी बघितलं. त्यांनी झाकण लावलं, कुकर परत गॅसवर ठेवला आणि ओट्याला धरून उभ्या राहिल्या.

वर्गात कोणी हसत नव्हतं. मला माझाच राग आला. मी होस्ट, आणि बारा माइक उघडे ठेवून बसले होते!

* * *

पुढच्या मंगळवारी मी अकराच्या ठोक्याला सांगून टाकलं, "आज दुसऱ्या कोणाचाही कुकर लागणार नाही. आणि लिमये सोडून सगळे म्यूट!"

"मी बी?" सुनंदाताईंनी विचारलं.

"तुम्ही सगळ्यात आधी."

त्या दिवशी तीस जण आले होते. बँकेतला तो अधिकारीसुद्धा! काकांनी फाईल उभी केली, फोन टेकवला आणि कुकर लावला. मागे टेबलापाशी काकू रिकामी वाटी घेऊन बसल्या होत्या.

एक शिट्टी. काकांनी लिहिली. दोन. लिहिली. तिसरीला बराच वेळ लागला, पण ती त्यांचीच होती.

डाळ शिजली होती! त्यांनी ती घोटली, फोडणी केली. हळदीचा डबा उघडला, स्वतःच्या बोटांकडे जरा बघितलं आणि घातली चिमूटभर. गूळ घातला, आमसूल घातलं, मीठ घातलं. मग ते पुन्हा मिठाच्या डब्याकडे वळले. आपापल्या घरात आम्ही सगळे "नको, नको" करत हात हलवायला लागलो. सुनंदाताई तर उभ्याच राहिल्या. काकांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी वहीत बघितलं, मिठापुढे खूण केलेली दिसली, डबा जागेवर ठेवला.

काकूंच्या वाटीत आमटी पडली. त्यांनी फुंकर मारली, एक घोट घेतला. दुसरा घेतला. मग वाटी तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली ठेवली.

"गूळ जास्त झालाय."

काकांनी खिशातून पेन काढलं.

"लिहू नका. ती फाईल द्या इकडे."

"अगं, तिला फोन टेकवलाय. वर्ग चालू आहे."

"असू दे. द्या."

फोन आडवा झाला. आमच्या तीसही स्क्रीनवर लिमयांच्या घरचा पंखा आला. पानं उलटल्याचा आवाज येत होता. मग लांबून काकांचा आवाज आला, "डॉक्टरांचा नंबर कुठल्या पानावर आहे गं?"

"पहिल्याच. तीन वर्षं तिथंच आहे."