पहिल्या नंबरावर कोल्हापूर

सन्मतीचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होतो. "काका, पप्पा गेले," एवढंच म्हणाला. पोरगा स्वतः डॉक्टर, त्यामुळे "नक्की का रे?" असं विचारायचीही सोय नव्हती. भूपाल माझा चाळीस वर्षांपासूनचा दोस्त, शाळेत क्लार्क, पक्का जैन. महिना उलटला, तरी संध्याकाळी माझे पाय शिवाजी पेठेतल्या त्याच्या घराकडेच वळतात…

नीटचा निकाल लागला की त्याच्या घरी पालकांची रीघ लागायची. हुपरी, गारगोटीकडची माणसं मार्कांचा कागद घेऊन यायची आणि मेडिकल कॉलेजांची यादी त्याच्याकडून भरून घ्यायची. घाबरून जवळचं कॉलेज वर लिहिणाऱ्यावर तो खेकसायचा, "पावणं, मार्क चांगलं हायत, पण यादीत वर जे लिहिलंय तेच आधी बघत्यात. पाहिजे ते वर घाला की!"

आणि स्वतःच्या पोराच्या यादीत यानंच पहिल्या नंबरावर कोल्हापूर घातलं. मुंबई वर ठेवायची, असं घरात ठरलं होतं आणि सन्मतीच्या मार्कांवर ती सहज मिळालीही असती. पण वहिनींना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. "एकट्याला घर खायला उठलं असतं रं," भूपाल मला म्हणाला. पोरानं बापावर विश्वास टाकून यादी उघडूनही पाहिली नव्हती. त्याला सांगितलं, मार्क थोडक्यात कमी पडले.

गेल्या दिवाळीत भूपालनं मला विचारलं, "आता सांगू काय त्याला?" मी फटकारलं, "गप बस की! झालं-गेलं कशाला उकरतोस?" त्यानं पुन्हा तो विषय काढला नाही.

परवा मला राहवेना. सन्मती बापाची उरलेली औषधं पिशवीत भरत होता. मी सगळं सांगून टाकलं. त्याचा हात काही थांबला नाही. "म्हाईत हाय, काका. मुंबईचा कट-ऑफ सगळ्यांस्नी दिसतोय की. कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात कळलंतं."

"राग न्हाय आला?"

"आलता की. वर्षभर धड बोललो न्हाय. पण पप्पा जन्मभर दिवस मावळायच्या आत जेवणारं माणूस. आई गेल्यावर माझ्यासाठी नेम मोडून थांबायचं. मी कॉलेजातनं आलो की मगच ताट घ्यायचं. त्यांच्यावर किती दिवस रागावणार?"

"मग बोलला का न्हाईस त्याला?"

"तेच सांगतील, म्हणून वाट बघत होतो…"

बाप सांगायला तयार होता, पोरगा ऐकायला तयार होता आणि शहाणपणा केला तो मी. आयुष्यात इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. उठून भूपालच्या खोलीत गेलो. कॉटवरची गादी गुंडाळून ठेवली होती. नुसत्या फळ्यांवर बसलो आणि म्हणालो, "भूपाल, पोराला सगळं ठाऊक हाय रं. माझं चुकलं."

आम्हा कोल्हापूरकरांना हळू बोलता येत नाही. बाहेर सन्मतीनं ऐकलं असेल. ऐकू दे.