समाजमंदिरातला कांदा

कोंडिबा दौंडला रेल्वेत गँगमन होते. तीस वर्षं रूळ ठोकून १९९९ साली ते कवठे येमाईजवळच्या आपल्या वस्तीवर परतले. म्हणाले, आता समाजमंदिरात निवांत बसू. पण बसणार कुठं? सरपंच मारुतरावांनी तिथं कांदा भरून कुलूप ठोकलेलं. गौरी-गणपती झाले तरी कांदा हलेना.

खरे हाल वस्तीतल्या मायाचे. पोर दहावीला, घरात आठ माणसं आणि खोली एक, अभ्यासाला समाजमंदिराशिवाय जागा नाही. बापानं सांगून टाकलेलं, सहामाहीत गणित गेलं तर शाळा बंद.

"आबा, कुलूप फोडतो," तिचा थोरला भाऊ नागसेन म्हणाला.

"फोड. म्हंजी तू चौकीत आन् कांदा जाग्यावर," कोंडिबा म्हणाले. "त्यापरीस पुस्तकं घ्या. जागा मिळंपर्यंत सरपंचाच्या पडवीत अभ्यास. दंगा न्हाई, शिवी न्हाई."

त्याच संध्याकाळी बारा पोरं मारुतरावांच्या पडवीत ओळीनं बसली आणि मोठ्यानं एकोणतीसचा पाढा म्हणू लागली. आत मारुतरावांना टीव्हीवरच्या बातम्या ऐकू येईनात.

डाव चोख होता. फक्त कोंडिबांनी सरपंचांच्या बायकोला, वच्छलाबाईंना त्यात धरलं नव्हतं. दारात आलेलं पोर उपाशी परत पाठवणं त्या बाईला माहीतच नव्हतं. पहिल्या दिवशी चहा आला, दुसऱ्या दिवशी कांदाभजी. चौथ्या दिवशी बारा पोरांची बावीस झाली, आणि खुद्द कोंडिबा आणखी चटणी मागताना दिसले.

"आबा, हे आंदोलन हाय का बारसं?" मायानं विचारलं. "भज्याच्या वासात माझं बीजगणित होईना."

कोंडिबांनी हातातलं भजं खाली ठेवलं. अर्धं खाऊन झालं होतं, ते सोडा.

तेवढ्यात वच्छलाबाईंचा कांदा संपला. त्यांनी समाजमंदिराची किल्ली मायाच्या हातात दिली. "जा गं, पाटीभर घेऊन ये."

नागसेन कोंडिबांच्या कानाशी लागला, "आता किल्ली द्यायचीच न्हाई."

"किल्ली तिच्या हातात हाय. तिला ठरवू दे."

माया कांदा घेऊन आली. पाटी टेकवली आणि किल्ली मारुतरावांपुढं धरली.

"आप्पा, मला ही दाबून ठेवता आली असती. पण मग कोण किल्ली मागायला येतंय म्हणून पुस्तक सोडून दाराकडंच बघत बसले असते. तुम्हीच उघडून द्या. आन् भजी नकोत आता."

मारुतरावांनी बायकोकडं पाहिलं.

"माझ्याकडं काय बघताय?" वच्छलाबाई म्हणाल्या. "कांदा काढा, न्हाईतर उद्यापास्नं बावीस पोरांची भजी तुम्ही तळा."

सकाळी ट्रॅक्टर आला. पोरांनीच पोती उचलली.

सहामाहीत मायाला गणितात एक्केचाळीस मार्क पडले, म्हणजे पास. बापानं प्रगतिपुस्तक दोनदा उलटसुलट करून पाहिलं, सही केली आणि म्हणाला, "आता वार्षिकचं बघ." सहीची शाई वाळायच्या आत माया समाजमंदिराकडं निघाली. तिथं ट्यूबखालची जागा आधी येईल त्याची होती.