खुराड्याची फट

फ्रिजवाल्या काकांनी चाळीस वर्षं लोकांचे फ्रिज दुरुस्त केले आणि एवढ्या वर्षांत एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात पक्की बसली: दार घट्ट लागलं पाहिजे. दाराच्या रबराला केसाएवढी जरी फट राहिली, तरी आतला गारवा बाहेर पळतो आणि मशीन धापा टाकत बसतं. हे ते गिऱ्हाइकांना सांगत, शेजाऱ्यांना सांगत, लग्नकार्यात शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगत. त्यांच्या स्वतःच्या परसात मात्र नऊ वर्षं एक फट राजरोस उघडी होती, आणि तिच्यावरून दर हिवाळ्यात त्यांचं आणि काकूंचं वाजायचं.

ही फट होती काकूंच्या खुराड्याला. अगदी वर, छपराला लागून, चार बोटं रुंद आणि नुसती जाळी ठोकलेली. आत काकूंचा दुसरा संसार होता. पाच कोंबड्या, फौजदार नावाचा एक कोंबडा आणि तीन बदकं. बाहेर बादलीतलं पाणी दगडासारखं गोठायचं, तेव्हा काका म्हणायचे, "अगं, पाखरं गारठून मरतील. मी ती फट बुजवतो."

"तुम्ही तुमचे फ्रिज बघा," काकू म्हणायच्या, की विषय संपला. हिला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं काकांचं मत होतं. काकूंचंही त्यांच्याबद्दल नेमकं हेच मत होतं, त्यामुळे संसार बरा चालला होता.

यंदा हिवाळ्याच्या तोंडावरच काकू दाणे घेऊन निघाल्या आणि मागच्या पायरीवर बर्फावरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण घरात उभा जिना, म्हणून धाकट्या बहिणीने त्यांना आपल्या लिफ्टच्या इमारतीत नेलं. गाडीत बसता बसता काकूंनी सतरा सूचना दिल्या. काकांनी त्यातल्या पाच-सहा ऐकल्या. शेवटची मात्र नीट ऐकली, कारण ती सांगताना काकूंनी त्यांचा हात धरला होता. "हेडबाईला जपा."

हेडबाई म्हणजे आठ वर्षांची करडी कोंबडी. दोन वर्षांपासून तिने अंडं म्हणून दिलं नव्हतं, पण तिने चोच लावल्याशिवाय बाकीच्या कोंबड्या दाण्याला शिवत नसत. फौजदारसुद्धा तिला वाट द्यायचा. काकूंचा जीव होता तिच्यावर.

तिसऱ्या आठवड्यात मेव्हणीचा फोन आला. "भावोजी, ताई काही मनावरच घेत नाहीये. डॉक्टर म्हणतात, चाला, नाहीतर कायमच्या खुर्चीत बसाल. ही भिंतीकडे तोंड करून पडून राहते. दहा वाजता तुमचा फोन आला की तेवढी उठून बसते, कोंबड्यांचं ऐकते आणि परत आडवी होते."

काका हादरले. मग त्यांनी ठरवलं, की पाखरांना या हिवाळ्यात ओरखडाही उठू द्यायचा नाही. रोज दहा वाजता चांगलीच बातमी द्यायची, म्हणजे ही उठेल. लगेच ते माळ्यावर चढले, जुन्या फ्रिजांच्या दारांची रबरं काढली आणि दिवसभर खपून खुराड्याची एकूण एक फट बुजवली. वरचीसुद्धा. बदकांना गारठ्यात बाहेर जायला नको म्हणून कोमट पाण्याचं घमेलं आणि तीन दिवसांचे दाणे आतच ठेवले. दार लावलं तेव्हा 'फप्' असा आवाज आला. असला आवाज आला की काकांना जेवण गोड लागायचं.

चौथ्या सकाळी दार उघडलं, तर आतल्या वाफेने त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. भिंती घामेजलेल्या, पेंढा चिखलासारखा ओला. बदकांनी तीन दिवस घमेल्यात मनसोक्त आंघोळी केल्या होत्या. ती मजेत होती. पण फौजदारच्या तुऱ्याची टोकं काळी पडली होती, आणि हेडबाई कोपऱ्यात डोळे मिटून, चोच उघडी टाकून बसली होती. तिचा गळा घरघरत होता.

काकांना एका क्षणात सगळं कळलं, आणि तेच जास्त लागलं. नऊ जिवांचा श्वास, वर बदकांचं पाणी. ती ओल जाणार कुठून? कोरडी थंडी पाखरं पिसं फुगवून सोसतात, ओली थंडी त्यांना खाते. फ्रिजच्या मागचं पाणी जायचं भोक बुजवू नका, आत सगळं नासेल, हे त्यांनी स्वतःच हजार गिऱ्हाइकांना सुनावलं होतं. त्यांनी रबरं उपटून फेकली, पेंढा बदलला, तुऱ्यांना मलम लावलं आणि हेडबाईला कपड्यांच्या टोपलीत घालून स्वयंपाकघरात आणलं.

दहा वाजता फोनवर ते म्हणाले, "सगळं छान."

"हेडबाई?"

"खाते की."

असं तीन दिवस चाललं. टपाल टाकणाऱ्या बाई चहाला टेकल्या, तेव्हा त्यांना टोपली दिसली. "काकूंना माहीत आहे?"

"तिला कशाला उगाच काळजी."

"काका, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?" बाई म्हणाल्या आणि चहा संपवून गेल्या.

दुसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, "फोन हेडबाईजवळ न्या. मला तिला ऐकायचंय."

काकांनी फोन टोपलीजवळ धरला. घरघर, बाकी काही नाही. मागे नुसता स्टोव्हचा आवाज, फौजदारची बांगही नाही.

"घरात आणलीय तुम्ही तिला," काकू म्हणाल्या. "अहो, काय केलंत?"

काकांनी सगळं सांगून टाकलं.

"रबरानं?"

"हो."

"फ्रिजच्या?"

"हो."

पुढची दहा मिनिटं काकूंनी त्यांना असं फैलावर घेतलं, की टोपलीतल्या हेडबाईनेही एकदा डोळा उघडला. मग स्टोव्हपासून लांब ठेवा, चमच्याने थेंबथेंब पाणी पाजा, असं सगळं सांगून त्यांनी फोन ठेवला. काका ते अक्षरशः पाळत होते. पण पहाटे हेडबाई गेली.

काका तिच्याजवळ बसून राहिले. ती गेली याचं त्यांना दुःख झालंच, पण त्याहून मोठी भीती वाटत होती. हे ऐकून काकू भिंतीकडे वळतील, त्या परत वळणारच नाहीत. दहाला त्यांनी फोन लावला. मेव्हणीने उचलला.

"ताई बाहेर व्हरांड्यात आहे. वॉकर घेऊन चालतेय. सकाळपासून तिसरी फेरी. पावलापावलाला तुमचा उद्धार चाललाय. काय सांगितलंत तिला?"

काकांना वाटलं, आज गप्प बसावं. चालतेय ना, चालू दे. पण तीन दिवस खोटं बोलून त्यांचं तोंड कडू झालं होतं. "तिला दे," ते म्हणाले, आणि काकू आल्यावर एका दमात सांगितलं.

पलीकडे नुसता वॉकरचा करकर आवाज.

"पुरलीत?"

"जमीन गोठलीय. कुदळ चालत नाही."

"मग थांबा. मी येते."

काकू बाराव्या दिवशी आल्या. काकांनी फाटकापासून परसापर्यंत बर्फ उपसून राख पसरली होती आणि तीन दिवस गरम पाणी ओतून वीतभर खड्डा केला होता. काकू वॉकरने हळूहळू, कुणाचा आधार न घेता तिथवर चालत आल्या. बाजूने काका दोन्ही हात पुढे करून चालत होते. काकूंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

खड्ड्याशी त्या थांबल्या. फडक्यात गुंडाळलेली हेडबाई काकांच्या हातातून घेतली.

"मूर्ख माणूस," त्या म्हणाल्या. "धरा मला. वाकायचंय."

काकांनी त्यांना दोन्ही हातांनी धरलं. काकूंनी सगळा भार त्यांच्यावर टाकला आणि खाली वाकल्या. काका रडत होते, पण हात त्यांनी जरासुद्धा हलू दिले नाहीत.