सावलीनं आटलं, सहीनं लागलं

"ए, लांब हो. तुझी सावली पडली तर नारळ उठायचा नाय."

पाणाड्या तळहातावर नारळ आडवा धरून चालत होता. खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो म्हणे. मागून उपसरपंच, हात जोडून. मी ग्रामपंचायतीची जलसुरक्षक, हातात विहिरींची वही. भर उन्हात, साऱ्या गावासमोर, मी चार पावलं मागं सरले. त्या चार पावलांची आजही लाज वाटते. मला कुणी ढकललं नव्हतं.

बोअर मंजूर झाली होती आमच्या बौद्धवाडीसाठी. डोळखांबकडचं आमचं गाव. समोर धरणाचं तळं पसरलेलं, आणि वाडीतल्या बाया उन्हाळाभर ओढ्यात डवरा खणून वाटीवाटीनं हंडा भरतात. भूजलवाल्या साहेबांनी ओढ्याकाठी चुन्याची खूण केली होती. उपसरपंचांनी जागा हलवली. थेट तळ्याकाठी, आपल्या कलमांच्या बागेपाशी; नारळ फिरवला तोही तिथंच.

"तळं बाजूला हाय, पाणी जातंय कुठं?"

माझ्या बापानं जन्मभर लोकांच्या विहिरी खणल्या. तो म्हणायचा, "मांजऱ्या दगड मऊ, पाणी धरतो. काळ्याला भेग नसंल, तर धरण उशाला नि कोरड घशाला." तळ्याकाठी सगळा काळा पाषाण. मला ठाऊक होतं. शब्द तोंडाशी आले आणि मी ते गिळले.

मशीन दिवसभर कोकलली. करडी भुकटी उडत राहिली, ओल म्हणून नाही. पाणाड्यानं माझ्याकडं बोट केलं.

"हिनं बाटवलं."

कुणी हसलं नाही. लोकांनी माना डोलावल्या. ते जास्त लागलं.

आठवड्यानं उपसरपंचांनी कागद पुढं सरकवला. त्यावर लिहिलेलं: बौद्धवाडीत बोअर झाली, पाणी लागलं. खाली जलसुरक्षकाची सही हवी.

"कर गो. सगळीकडं असंच चालतं. नायतर परत बोअर नाय मिळायची तुमाला."

म्हणजे माझ्या सावलीनं पाणी आटतं आणि सहीनं लागतं? डोकं सणकलं. पेन घेतलं. 'पाणी लागलं' यावर काट मारली. लिहिलं: जागा बदलली. काळा पाषाण. कोरडी. खाली पूर्ण नाव, बापाच्या नावासकट.

"लय शहाणी झालीस."

"झाले," मी म्हणाले.

कागदाची नक्कल शहापूरला तालुक्याच्या कचेरीत दिली, पोच घेतली. वाडी अजून डवऱ्यावरच आहे. मला घरात बसवत नाही. ओढ्याकाठी मशीन आली नाही तर पुढच्या ग्रामसभेत उभी राहीन, त्याच्या पुढच्याही. काम गेलं तर जाऊ दे. मंजूर झालेलं पाणी आमचं आहे. ते मी घेणारच.